घाम ठाण्याचा, डिओडरंट नॅचरल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सात वर्षं मी ठाणे ते ऐरोली ट्रान्स-हार्बरने जाते. सकाळच्या लेडीज डब्यात वरची कडी धरून उभं राहिलं की एकीची काख दुसरीच्या नाकासमोर येते, त्यामुळे या विषयात आमच्या ग्रुपमध्ये लाजण्यासारखं काही उरलेलं नाही. मी डॉक्टर नाही, केमिस्टही नाही. दोन वर्षं डब्या, बाटल्या आणि खडे वापरून, एकदा कातडी सोलून घेऊन आणि मग थोडं वाचून जे कळलं ते इथे लिहिलंय. प्रश्न डब्यातल्या बायकांचे आहेत, काही त्यांच्या नवऱ्यांच्या वतीने विचारलेले.

नॅचरल डिओडरंट लावलं की घाम थांबेल ना?

नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. घाम अडवतात ते ॲल्युमिनियमचे क्षार. घामाच्या नळीच्या तोंडाशी ते साचतात आणि तात्पुरतं बूच बसवतात. खोबरेल तेल, आरारूट, वाळा, चंदन यांपैकी कुणालाही ते जमत नाही. तेव्हा काख ओली होणार हे धरून चाला. ओल्या काखेला वास येऊ नये, एवढीच अपेक्षा ठेवायची. संध्याकाळी ठाण्याला उतरताना वास नसेल तर माझ्या लेखी ते डिओडरंट पास. कुर्त्यावरचा ओला गोल राहतोच, त्यावर उपाय म्हणजे पांढरा, काळा किंवा बारीक छापाचा कुर्ता. फिका निळा आणि राखाडी हे आपले शत्रू.

मग वास नक्की कशाचा येतो?

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. अंगभर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात, त्यांचा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका जातीच्या ग्रंथी असतात, त्या वयात येताना जाग्या होतात. त्यांचा स्राव थोडाच, पण त्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात, आणि काखेत मुक्कामाला असलेल्या जिवाणूंना ते पंगतीचं ताट वाटतं. कोरिनेबॅक्टेरियम नावाचे जिवाणू त्यातून आम्लं सुटी करतात, त्यातल्या एका आम्लाचा वास चक्क जिऱ्यासारखा असतो. स्टॅफिलोकॉकस होमिनिस नावाचा दुसरा एक जिवाणू गंधकाचं संयुग सोडतो, त्याचा वास चिरून ठेवलेल्या शिळ्या कांद्याचा. कुणाच्या काखेत कोण किती, हे माणसागणिक बदलतं. म्हणून मैत्रिणीला लागू पडलेली डबी तुम्हाला लागू पडेलच असं नाही, आणि त्यात तुमच्या स्वच्छतेचा काही दोष नसतो.

कानातल्या मळाचाही इथे संबंध आहे. एबीसीसी११ नावाच्या एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असला तर कानातला मळ कोरडा असतो आणि काखेला वास जवळजवळ येतच नाही. कोरिया, जपान, चीनमध्ये असे लोक पुष्कळ. आपल्याकडे बहुतेकांचा मळ ओलाच, तेव्हा आपण घासत राहायचं.

माझ्या बहिणीला बंगळुरूत जे दिवसभर पुरतं ते मला ठाण्यात दुपारपर्यंतही का पुरत नाही?

हवेमुळे. घाम वाळला तर अंग गार होतं, पण आपल्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की घाम वाळायला जागाच नसते. तो नुसता ओघळतो. काख दिवसभर ओली आणि उबदार राहते, जिवाणूंना याहून काय हवं? घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये तासभर बसमध्ये उभं राहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. परदेशी व्हिडिओंतल्या रेसिपी इथे फसतात त्याही याच कारणाने. त्या कोरड्या आणि थंड हवेसाठी बेतलेल्या असतात.

डिओ, बॉडी स्प्रे आणि अँटीपर्स्पिरंट एकच का?

आपण सगळ्याला ‘डिओ’ म्हणतो, तिथेच घोटाळा आहे. दुकानात गॅसच्या डब्यात मिळणारे बहुतेक बॉडी स्प्रे म्हणजे सुगंध आणि अल्कोहोल. अल्कोहोल थोडे जिवाणू मारतं आणि उडून जातं, मग घाम आणि गुलाब यांचा एकत्र वास राहतो, तो नुसत्या घामापेक्षा वाईट. डिओडरंट जिवाणूंना आवर घालतं किंवा वास शोषतं. अँटीपर्स्पिरंट घाम अडवतं, आणि ते रात्री कोरड्या काखेला लावलं तर जास्त काम करतं. सकाळी घामाघूम अवस्थेत लावून उपयोग कमी.

‘ॲल्युमिनियम-फ्री क्रिस्टल’ म्हणून मिळतो तो दगड म्हणजे काय?

तुरटी. बाबा दाढी झाल्यावर गालावर फिरवायचे तीच. सुंदर प्लास्टिकच्या टोपीत बसवलेली, इंग्रजी नाव दिलेली, आणि किंमत ऐकून आजीने कपाळावर हात मारला असता अशी. हा क्रिस्टल मी तीनदा ऑनलाइन मागवला. मग एकदा जांभळी नाक्याला हिंग-जिरं घ्यायला गेले तर दुकानदाराच्या मागच्या बरणीत तेच खडे. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण इतक्या शब्दशः कुणाला लागू पडली नसेल.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. ॲल्युमिनियम तिच्यात आहेच. ‘यात ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट (अँटीपर्स्पिरंटमधला नेहमीचा क्षार) नाही’ असं कुणी लिहिलं तर ते खरं, ‘ॲल्युमिनियम नाही’ असं लिहिलं तर खोटं. घाम अडवण्यात ती अँटीपर्स्पिरंटच्या जवळपासही जात नाही, पण कातडी किंचित आकसते आणि जिवाणूंना तिथे वाढणं अवघड जातं. माझ्या अनुभवात एवढ्या पैशांत एवढं काम करणारं दुसरं काही नाही.

तुरटी लावायची कशी? मला तर काहीच फरक पडला नाही.

बहुतेक जणी कोरड्या काखेला फिरवतात, म्हणून. कोरड्यावर ती फक्त ओरखडते. अंघोळ झाल्यावर काख धुतलेली आणि ओली असतानाच खडा ओला करून फिरवायचा. सुरुवातीला तो सुळकन सरकतो, आठ-दहा वेळा फिरवला की किंचित चिकटल्यासारखा अडायला लागतो. तो अडला की समजायचं पुरेसा थर बसला. मग पुसायचं नाही, हात थोडे वर धरून वाळू द्यायचं आणि त्यानंतरच कपडे. घाईत ओल्यावर कुर्ता चढवला तर सगळी तुरटी कुर्त्याला लागते.

खडा वापरून झाला की धुऊन कोरड्या जागी ठेवा, पाण्यात राहिला तर विरघळत जातो. फुटला तर कडा काचेसारख्या होतात, त्या पाण्याखाली घासून गोल केल्याशिवाय अंगाला लावू नका. वॅक्सिंग किंवा शेव्हिंगनंतर त्या दिवशी तुरटी नको, डोळ्यांत पाणी येईल. ज्यांना खडा नको त्यांनी कपभर पाण्यात लहान चमचाभर पूड विरघळवून स्प्रेच्या बाटलीत भरावी. काष्ठौषधींच्या दुकानात तुरटीची लाही मिळते, तव्यावर फुलवून पाणी उडवलेली. ती जास्त तीव्र असते, थेट काखेला चोळू नका.

बेकिंग सोडा? सगळीकडे तोच सांगतात.

सोडा वास मारतो यात शंका नाही. पहिले तीन दिवस मी सगळ्यांना फोन करून सांगत होते. चौथ्या दिवशी काख लाल, आठवड्याने कातडी सुटायला लागली, आणि पुढचे तीन महिने तिथे कोळशाने पुसल्यासारखा काळा डाग होता. लग्नसराईत मी कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालून हिंडले. त्वचेच्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, ‘सोडा लावला होता का?’

कारण साधं आहे. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास. सोड्याचा आठच्या वर. रोज अल्कली चोळली की वरचं संरक्षण उतरतं आणि मग घामसुद्धा झोंबतो. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही, हेही खरं. पण तुमची कातडी कुठल्या गटातली हे काळा डाग पडल्यावरच कळतं. विकतच्या डबीतही पहिल्या चार-पाच घटकांत ‘सोडियम बायकार्बोनेट’ दिसलं तर मी डबी परत ठेवते.

विकतची घ्यायची तर लेबलवर काय बघू?

‘नॅचरल’ हा शब्द सोडून बाकी सगळं. तो शब्द विक्रीचा आहे, डबी उलटी करून घटक वाचा. जास्त प्रमाणातला घटक आधी लिहिलेला असतो. मला उपयोगी पडलेली नावं सांगते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हे सोड्याचं काम करतं, पण पाण्यात फारसं विरघळत नसल्याने बऱ्याच जणींना कमी झोंबतं. झिंक रिसिनोलिएट एरंडेल तेलापासून बनतं आणि वासाचे रेणू धरून ठेवतं. झिंक ऑक्साइड जिवाणूंना आवरतं. आरारूट किंवा कॉर्नस्टार्च ओल टिपतात, वासाचं त्यांना काही कळत नाही.

अलीकडे लॅक्टिक, मँडेलिक, ग्लायकोलिक आम्लांचे रोल-ऑन मिळतात. ते काखेचा पीएच खाली आणतात आणि वासाच्या जिवाणूंना ते मानवत नाही. चिकट ठाण्यात हे मला स्टिकपेक्षा बरे वाटले, कारण पाण्यासारखे असतात आणि कपड्याला तेल लागत नाही. मात्र शेव्हिंगच्या दिवशी लावायचे नाहीत, आणि सुरुवात एक दिवसाआड करायची.

उत्पादनाची आणि संपण्याची तारीख, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक हे नसेल तर प्रदर्शनातल्या स्टॉलवरची ताई कितीही गोड बोलली तरी घेऊ नका. मी हे हाताने बनवणाऱ्या बायकांच्या विरोधात बोलत नाहीये, मी स्वतः बनवते. पण मी विकत नाही.

घरी बनवायची रेसिपी द्याल का? माझी उन्हाळ्यात वितळते.

माझीही वितळली होती. पहिली डबी जानेवारीत केली, खोबरेल तेल आणि आरारूट, काय सुंदर लोण्यासारखी झाली होती. एप्रिलमध्ये तिने पर्समध्ये जीव सोडला. ऑफिसचं ओळखपत्र, चेकबुक आणि पोळीचा डबा बांधलेला रुमाल, सगळ्याला नारळाचा वास. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास पातळ होतं, आणि ठाण्यात पारा २४च्या खाली असतो तो थंडीतल्या पहाटे. त्यामुळे नुसत्या तेलावर इथे भागत नाही. मधमाशीचं मेण लागतं, ते ६२ अंशांच्या पुढे वितळतं.

मी घेते ते प्रमाण असं: ३० ग्रॅम खोबरेल तेल, १० ग्रॅम मेण, २५ ग्रॅम आरारूट, ५ ग्रॅम झिंक ऑक्साइड. उकळत्या पाण्यात वाटी ठेवून आधी मेण आणि तेल एकत्र वितळवायचं, गॅस बंद करायचा, मग पूड चाळून घालायची आणि घट्ट व्हायला लागेपर्यंत ढवळत राहायचं. ढवळणं थांबवलं की झिंक तळाशी बसतं आणि शेवटच्या आठवड्यात नुसता चुना लावल्यासारखं होतं. झिंक ऑक्साइड सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाचं घ्या, रंगाच्या दुकानातलं नको, आणि चाळताना तोंडाला रुमाल बांधा. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन कोरड्या काखेला. जास्त लावलं तर कपड्याला तेलकट डाग पडतो, आणि तो काढणं हा वेगळाच प्रकल्प आहे.

लिंबू चोळलं तर?

चोळू नका. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड आणि डाग येऊ शकतात.

टी ट्री तेल, कडुलिंब, उटणं, वाळा?

टी ट्री तेल जिवाणू मारतं, पण न मिसळता थेट लावलं तर कातडी चिडते, काहींना ॲलर्जीही होते. शिळं, उघडं राहिलेलं तेल आणखी वाईट. कडुलिंबाचा साबण ठीक. उटणं आणि मुलतानी माती अंघोळीला छान, दिवसभराच्या कामाला नाहीत. वाळ्याचं अत्तर मला फार आवडतं, माठात वाळा टाकायचे तो वास. पण ते काखेला न लावता मी मनगटाला लावते. काखेत कुठलाही सुगंध शेवटी घामाशी मिसळतो आणि बदनाम होतो.

अँटीपर्स्पिरंट सोडल्यावर काख ‘डिटॉक्स’ व्हायला महिना लागतो म्हणे?

काखेतून विष बाहेर पडत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. काखेला माती थापून काही निचरा होत नाही. होतं एवढंच की नळ्यांवरची बुचं हळूहळू निघून जातात, घाम पूर्ववत होतो, जिवाणूंची वस्ती बदलते, आणि दोन-तीन आठवडे तुम्हाला वाटतं की आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त घाम येतोय. हा काळ ऑक्टोबर हीटमध्ये किंवा मे महिन्यात काढू नका. मी डिसेंबरमध्ये सोडलं होतं. एकदम सोडायची सक्तीही नाही, शनिवार-रविवारपासून सुरुवात करता येते.

ॲल्युमिनियमने स्तनाचा कर्करोग होतो, असा मेसेज फिरतोय.

तो मेसेज माझ्या माहितीत पंधरा वर्षं फिरतोय. आजवरच्या अभ्यासांतून असा संबंध सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र अँटीपर्स्पिरंट वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं, अमेरिकेत तशी सूचना लेबलवरच छापावी लागते. आणि मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला जाताना काखेला काहीही लावू नका, तुरटीसुद्धा नको. त्यातले कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि उगाच धावपळ होते. नॅचरल वापरायचं ते आवडतं म्हणून, कातडीला मानवतं म्हणून वापरा. भीतीपोटी नको.

दोनदा अंघोळ करते, चांगलं डिओडरंट लावते, तरी अकरा वाजता वास येतोच. का?

आता खऱ्या मुद्द्यावर आलात. वास तुमच्या काखेला नसून कुर्त्याला आहे.

करून बघा. धुतलेला, वाळलेला, घडी घातलेला कुर्ता घ्या, पॉलिएस्टर मिसळलेला असेल तर उत्तम. काखेच्या शिवणीला नाक लावा, काही येणार नाही. आता तिथेच गरम इस्त्री फिरवा आणि पुन्हा हुंगा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा इस्त्री खाली ठेवून खिडकी उघडली. शिवणीत दुमडलेल्या कापडात जुना तेलकट घाम अडकलेला असतो. ऊब आणि ओल मिळाली की तो पुन्हा जागा होतो. तुमचं अंग म्हणजे ती इस्त्रीच. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही पण तेल धरून ठेवतं, म्हणून त्यात हा त्रास सुती कापडापेक्षा जास्त.

मशीनमध्ये गार पाण्यात पंचवीस मिनिटं फिरवून हे निघत नाही. कपडा उलटा करा, काखेच्या शिवणीला बारचा साबण लावून बोटांनी चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग मशीनला टाका. जुन्या वासासाठी अर्ध्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून आधी अर्धा तास भिजवा. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. वाळत घालताना उलटाच घाला, काखेवर ऊन पडू दे. पावसाळ्यात कपडे घरातच दोन-दोन दिवस वाळतात आणि कुबट होतात, तेव्हा काखेच्या भागावर पंखा रोखा. अस्तर लावून ब्लाउज शिवताय तर शिंप्याला सुती अस्तर सांगा. रोज धुता न येणाऱ्या पैठणीच्या ब्लाउजला आतून सुती स्वेट पॅड लावा, तेवढंच धुवा.

माझ्या ग्रुपमधल्या तिघींचा प्रश्न निव्वळ एवढ्याने सुटला. डिओडरंट त्यांनी बदललंच नाही.

काखेतले केस काढलेच पाहिजेत का?

नाही. केसांवर ओल आणि जिवाणू जास्त टिकतात, त्यामुळे काढले तर साबण नीट पोचतो, एवढाच फायदा. कात्रीने बारीक केले तरी पुरतं.

खाण्याने फरक पडतो?

लसणाने पडतो, त्यातलं गंधकाचं संयुग रक्तातून घामात आणि श्वासात उतरतं. मेथीचीही गंमत आहे, बाळंतिणीला मेथीचे लाडू सुरू केले की अंगाला पाकासारखा गोडसर वास येतो. तो आजार नाही. बाकी ‘हिरवं खा, वास जाईल’ यावर माझा विश्वास नाही.

मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला आत्ताच वास यायला लागलाय.

येऊ शकतो, वयात येण्याची ती सुरुवात असते. साबणाने रोज काख धुवायला शिकवा, सुती बनियन द्या, गरज पडली तर तुरटीचं पाणी. सुगंधी स्प्रे नको. आठ वर्षांच्या आत असं झालं, सोबत केस किंवा छातीची वाढ दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि हे सगळं तिच्या भावासमोर बोलू नका.

नवऱ्याला कसं सांगू?

‘शर्टाला वास येतोय’ असं सांगा. ‘तुम्हाला येतोय’ म्हणालात की पुढचा आठवडा वाया.

डॉक्टरकडे कधी जायचं?

घाम इतका की बसल्याजागी तळहातातून गळतो, पेपर ओले होतात, तर तो वेगळा विकार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. घाम किंवा वास अचानक बदलला, वजन उतरतंय, धडधडतंय, रात्री कपडे भिजतात, तर थायरॉइड आणि साखर तपासायला हवी. काखेत पुन्हा पुन्हा दुखरी गळवं येत असतील तर ‘केस काढल्यामुळे असेल’ म्हणत वर्षं घालवू नका. केसांना पिवळसर थर चिकटलेला दिसला तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो, औषधाने जातो. आणि लाल चट्टा, खाज, सोलणं दिसलं की त्या दिवसापासून लावायचं सगळं बंद, घरचं असलं तरी.

शेवटी तुम्ही स्वतः काय वापरता?

सकाळी ओल्या काखेला तुरटी. वाळली की उन्हाळ्यात त्यावर आरारूटची चिमूट, थंडीत घरची डबी. पर्समध्ये दोन सुती रुमाल, एक ओला करायला, एक कोरडा. दीडच्या सुमारास जेवणाआधी वॉशरूममध्ये जाऊन काख पाण्याने पुसते, कोरडी करते आणि स्प्रेच्या बाटलीतलं तुरटीचं पाणी मारते. एकूण तीन मिनिटं. महत्त्वाची मीटिंग किंवा लग्न असेल तर आदल्या रात्री साधं अँटीपर्स्पिरंट लावते, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. जांभळी नाक्याचा खडा बाथरूममध्ये साबणाशेजारी ताटलीत असतो. आणला तेव्हा मुठीएवढा होता, आता लिंबाएवढा उरलाय.